पाण्याकडचा गोल

आमच्या डाळजच्या फुटबॉल संघाइतका निरुपयोगी जमाव मी आयुष्यात पाहिलेला नाही, आणि मी बरीच वर्षं न चुकता ग्रामसभांना हजर राहिलेला माणूस आहे. अकरा धट्टीकट्टी माणसं दीड तास एका चेंडूमागे पळतात आणि चेंडूला त्याची खबरही लागत नाही, हे दृश्य त्यांनी त्या उन्हाळ्यात आम्हाला तीनदा फुकट दाखवलं.

दूरदर्शनवर विश्वचषक झाला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. हायवेच्या फाट्यावर माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि फुटबॉलमधलं सगळं मला कळतं अशी माझी पक्की खात्री होती. खात्रीला आधार होता. आदल्या वर्षी भिगवणच्या एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मी सात सामने पाहिले होते, तेही ब्लॅक अँड व्हाइट सेटवर, ज्यात दोन्ही संघांचे कपडे एकाच रंगाचे दिसायचे. पंचक्रोशीत सात सामने पाहिलेला माणूस मी एकटाच होतो. त्या सात सामन्यांच्या जोरावर मी उन्हाळाभर आमच्या संघाची लाज काढली.

गावात फुटबॉल आणला एका हवालदारानं. तो फौजेतून पेन्शनवर आला तेव्हा ट्रंकेत बाटल्या असतील या आशेनं लोक जमले होते. ट्रंकेतून चेंडू निघाला. पलटणीच्या संघात आपण खेळत होतो, असं तो सांगायचा, आणि खोटं ठरवायला पलटणीतलं दुसरं कोणी गावात नव्हतं. ऊस तुटून गेलेला, पेरण्या लांब, अशा दिवसांत रिकामी बसलेली पोरं त्यानं गोळा केली आणि जाहीर केलं की पावसाळ्यात बारामतीला स्पर्धा असते, तिच्यात आपण उतरणार. त्याआधी सरावाचे तीन सामने घ्यायचे, म्हणजे संघाला धार येईल. धार यायला आधी लोखंड लागतं, हे मी तेव्हाच बोललो होतो.

कॅप्टन निवडला तो ज्याच्या घरी ट्रॅक्टर होता तो. बाहेरगावी सामन्याला जायचं तर ट्रॉली पाहिजे, त्यामुळे त्याच्या खेळाची चौकशी कुणी केली नाही. गोलकीपर तालमीतला पैलवान. चेंडू अडवला की तो त्याच्यावर पालथा पडायचा आणि चेंडूची पाठ जमिनीला लागेपर्यंत उठायचा नाही. पंचाला त्याच्या पाठीवर थाप मारून कुस्ती सुटली असं सांगावं लागायचं. बाकीच्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ते मैदानात असायचे एवढंच.

आणि पुढे, गोल करायला, माझा धाकटा भाऊ.

भाऊ वीस वर्षांचा होता. बारावीत एकदा नापास होऊन पुन्हा बसायचं का नाही या विचारात वर्षभर बसूनच होता. पण पळायला लागला की बघत राहावं. आमचे आजे-पणजे मेंढरं राखायचे, तात्यांनी म्हणजे आमच्या वडलांनीही तरुणपणी कळप घेऊन पायपीट केली होती, पुढे जमिनीचा तुकडा घेऊन ते स्थिर झाले. ती सगळी चाल भावाच्या पायांत आली होती. माझ्या वाट्याला फक्त त्या चालीवर बोलायची जीभ आली.

तात्यांना हा खेळ मुळीच पसंत नव्हता. मिशा फुटलेल्या माणसांनी अर्ध्या चड्डीत पळावं हेच त्यांना पटत नव्हतं. कळंबला आमच्या मामानं नवी पोल्ट्री टाकली होती, त्याला घरचा विश्वासाचा माणूस हवा होता, आणि तात्यांच्या मनात भावाला तिकडं धाडायचं होतं. भावानं हात जोडले. पावसाळा होऊ दे, बारामतीची स्पर्धा होऊ दे, मग म्हणाल तिथं जातो. तात्या रागावले नाहीत. त्यांनी त्याला समोर बसवलं आणि म्हणाले,

"कुत्रं मेंढरामागं लई पळतंय म्हनून त्याला कुनी भाकरी घालत न्हाय. मेंढरू वळवून आनतंय का, ते बघत्यात. तुमची तीन म्याची हायती न्हवं? त्यात एक गोल कर. केलास तर पावसाळाभर खेळ, मी तोंड उघडनार न्हाय. न्हाय झाला तर कळंबला जायाचं."

"एक व्हय? एक तर कसाबी हुईल, तात्या," भाऊ म्हणाला. त्याचा चेहरा असा खुलला होता की जणू स्पर्धाच जिंकून आलाय.

तात्या स्वतः सामने बघायला येणार नव्हते. जनावरं कुणाच्या जिवावर सोडायची, हा त्यांचा कायमचा सवाल. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू बघ आन मला येऊन सांग. झालं ते खरं सांगायचं." मला हे काम फार आवडलं. तोवर मी नुसता प्रेक्षक होतो, आता माझ्या बोलण्यावर एकाचा पावसाळा अवलंबून होता.

मैदानाबद्दल सांगायला हवं. उजनीचं पाणी उन्हाळ्यात मागं सरकलं की गाळाची मोठी सपाट जमीन उघडी पडते. लोक तिच्यात कलिंगडं, काकड्या, भुईमूग करतात. आमच्या वाट्याला आलेला पट्टा सपाट म्हणायचा, पण त्याला पाण्याकडं उतार होता. वरच्या अंगाला एका म्हाताऱ्याचे कलिंगडाचे वेल. चेंडू वेलांत गेला की तो विळा घेऊन उठायचा, आणि एकदा त्यानं चेंडूला विळा लावलाही. तो चेंडू शिवायला मला दोन दिवस गेले. म्हणून हवालदारानं खराखुरा गोल रोवला तो पाण्याच्या बाजूला. बाभळीचे दोन वासे, वर आडवी सुतळी. वरच्या टोकाला नुसते दोन दगड. सराव सगळा खालच्या गोलावर चालायचा, कारण विळ्यापेक्षा पाणी परवडलं. गोलच्या मागं वीसेक पावलांवर धरण.

चेंडूत हवा भरायचं आणि ब्लॅडर, शिवणी बघायचं काम माझं. पंप माझ्याच दुकानात होता. एकदा वाऱ्यानं चेंडू पार आत गेला आणि दुसऱ्या दिवशी मासे धरणाऱ्यांच्या होडीतून परत आला, फुगलेला, शिवणी उसवलेल्या. मी भडकलो आणि नियम घातला. ज्यानं चेंडू पाण्यात घालवला त्यानं त्याच क्षणी पोहत जाऊन आणायचा. त्याच्यासाठी दुसऱ्या कुणी जायचं नाही. हवालदारानं लगेच मान डोलावली, शिस्त म्हटलं की त्याला बरं वाटायचं. नियमाचा गुण आला. पोरं जरा सांभाळून मारायला लागली. सगळ्यांत सांभाळून भाऊ. त्याच्या पायानं चेंडू एकदाही पाण्यात गेला नाही. तो भन्नाट पळत गोलपाशी यायचा, पाण्याकडं एक नजर टाकायचा, आवरायचा आणि हलकेच पाय लावून परत फिरायचा. मी वर सायकलच्या कॅरिअरवर बसलेला असायचो आणि पोट धरून हसायचो.

पहिला सामना आमच्याच मैदानावर, भिगवणकडच्या कॉलेजच्या पोरांबरोबर झाला. म्हणजे शेवटी झाला. आधी सत्कार झाले. आमच्याकडं माणसं जमली आणि सत्कार झाला नाही असं कधी घडत नाही. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, आणि आणखी एक गृहस्थ ज्यांची जीप त्या वेळी हायवेवरून चालली होती. प्रत्येकाला फेटा, हार, श्रीफळ. मग ज्यांनी फेटे बांधले त्यांचा सत्कार. चेअरमन दहा मिनिटं बोलले आणि त्यांनी आमच्या क्रिकेट संघाला भरभरून शुभेच्छा दिल्या. त्यांना कुणी अडवलं नाही. मग गोलच्या खांबावर नारळ फोडला आणि तिसऱ्या घावाला खांब गाळात ढोपरभर खाली गेला. आमचा गोल एका बाजूनं बुटका झाला, तो पुढं तसाच राहिला. एवढा वेळ दोन्ही संघ उन्हात उभे. भिगवणची पोरं शहाणी, ती होडीच्या सावलीला जाऊन बसली. आमची पोरं सत्काराला टाळ्या वाजवत होती. सामना सुरू झाला तेव्हा आमचा संघ टाळ्या वाजवूनच दमलेला होता.

कपड्यांचं वेगळंच. हवालदाराच्या घरी एका घमेल्यात सगळ्यांचे बनियन जांभळ्या रंगात बुडवले होते. घाम सुटला तसा रंगही सुटला. सामना संपला तेव्हा बनियन जवळजवळ पांढरे होते आणि माणसं जांभळी झाली होती.

मी कॅरिअरवर बसून मोठ्यानं कॉमेंट्री करत होतो. "कॅप्टन वळत्यात… वळत्यात… ट्रॉली जोडलीय, जरा जागा द्या." "पैलवान, सोडा त्याला आता, मरंल त्यो." हळूहळू लोक मैदानाची कड सोडून माझ्याभोवती जमले. मी सांगितल्याशिवाय त्यांना हसू येत नव्हतं आणि मी सांगितल्यावर त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. पाच गोल झाले आमच्यावर. दुसऱ्या अर्ध्या डावात भाऊ दोनदा गोलपाशी मोकळा सुटला. दोन्ही वेळा त्यानं चेंडूला असा पाय लावला की तो सावकाश घरंगळत गेला आणि कीपरनं वाकून उचलला.

"बगा बगा," मी ओरडलो, "पावन्याला यष्टीपातूर पोचवाया निघाल्यात."

हे लोकांना फार आवडलं. दुसऱ्या दिवसापासून गावात भावाला बघून कुणीही विचारायचं, काय, पावनं गेलं का यष्टीला? भाऊ हसून पुढं जायचा. तो हसायचा म्हणून मी समजलो की त्याला काही वाटत नाही.

घरी तात्यांनी विचारलं. "झाला?" मी म्हटलं, न्हाय. ते म्हणाले, "अजून दोन हायती."

दुसरा सामना बारामतीला. कॅप्टनची ट्रॉली आम्हाला घेऊन गेली. तो प्रवास दोन तासांचा, आणि कॅप्टनच्या वडलांनी त्याच खेपेत खताची पोती आणायला सांगितलेलं. म्हणजे परत येताना बारामतीला हरलेला संघ युरियावर बसून आला. सात गोल. त्या सामन्याचं वर्णन करायला माझ्याकडं शब्द होते, पण ऐकायला तिथं कुणी नव्हतं. बारामतीची माणसं आमच्यावर हसली नाहीत. त्यांनी आम्हाला चहा पाजला, भेळ दिली, आणि एक जण म्हणाला, "लांबून आलात, बरं वाटलं." दया केली त्यांनी आमच्यावर. दयेपेक्षा शिवी बरी.

तिथल्या गोलला जाळी होती. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी गोलची जाळी पहिल्यांदाच पाहिली. त्यांचा पुढचा गडी असा मारायचा की चेंडू जाळीत जाऊन जाळी मागं पोटासारखी फुगायची, आणि चेंडू तिथंच खाली पडायचा. विश्रांतीत सगळे पाणी पीत होते आणि भाऊ एकटाच गोलच्या मागं जाऊन जाळीची दोरी हातानं ओढून बघत होता.

"का रं," मी म्हटलं, "मासं धरायचं हाय का?"

"आपल्याकडं आसती तर," तो म्हणाला. पुढं काही तरी बोलणार होता. पण मी तोवर बाकीच्यांना माझं वाक्य ऐकवायला वळलो होतो. त्या दिवशी तो गोलपर्यंत पोचलाच नाही. चेंडूच आला नाही त्याच्याकडं.

तिसरा सामना इंदापूरला, एका शाळेच्या मागच्या मैदानावर. आम्ही एसटीनं गेलो. त्या दिवशी दाट लग्नतिथी होती. इंदापूरच्या संघातले चार जण वऱ्हाडात गेले होते आणि पाचवा बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, त्यालाही सुपारी होती. राखीव गडी धरूनही त्यांच्याकडून नऊच जण उतरले, त्यातला एक शाळेचा शिपाई. मला वाटलं, आज तरी आमचे लोक माणसांसारखे खेळतील. नऊ जणांविरुद्ध आमच्या अकरा जणांनी सव्वा तास जे केलं त्याला खेळ म्हणत नाहीत. कॅप्टन स्वतःच्याच माणसाला दोनदा धडकला. डाव्या बाजूचा गडी थ्रो टाकताना चेंडूऐवजी पुढं आपणच पडला. पैलवानानं एक चेंडू इतका वेळ धरून ठेवला की शिपायानं त्याला प्यायला पाणी आणून दिलं. पण गोल कुणाचाच झाला नाही. अडाण्याच्या गाडीला अडाणी बैल, दोघंही जागेवर.

शेवटची पाच-सात मिनिटं उरली असतील. चेंडू मैदानाच्या मधोमध कुणाच्या तरी नडगीवर आपटून भावापुढं पडला आणि तो सुटला. एकाला बाहेरून काढलं, दुसऱ्याच्या पायांतून नेलं. त्यांचा कीपर पुढं धावत आला आणि घसरून बसला. समोर गोल उघडा. मागं शाळेची दगडी भिंत, तिच्यावर स्वच्छतेचं काही तरी लिहिलेलं. मी उठून उभा राहिलो होतो. माझी कॉमेंट्री बंद पडली होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्याचा गोल माझ्या दुकानापेक्षा, कशापेक्षाही जास्त हवा होता. मी तोंडातल्या तोंडात मार, मार म्हणत होतो.

भाऊ गोलपाशी आला. त्यानं मान वर करून गोलच्या पलीकडं बघितलं, आवरलं, आणि चेंडूला हलकेच पाय लावला. चेंडू निवांत चालला. कीपर बसल्या जागेवरून गुडघ्यांवर रांगत गेला आणि त्यानं तो रेषेच्या अलीकडं दोन्ही हातांनी गोळा केला.

सामना बरोबरीत सुटला. आमचा संघ पहिल्यांदाच न हरता मैदानाबाहेर आला, म्हणून ते सगळे नाचायला लागले. हवालदारानं पेढे आणले. पैलवानाला खांद्यावर घेतलं, मग जड झाला म्हणून खाली ठेवलं. नऊ माणसांबरोबर, त्यात एक शिपाई, त्यांच्याशी बरोबरी, आणि पेढे. आयुष्यात मी एवढ्या तुच्छतेनं पेढा खाल्लेला नाही. भाऊ भिंतीला टेकून बुटांच्या नाड्या सोडत होता. त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं आणि मीही गेलो नाही. मला त्याचा इतका राग आला होता की त्याच्या शेजारी बसायची लाज वाटत होती.

मी आधीच्या गाडीनं घरी आलो. तात्या गोठ्यात होते, आई चारा टाकत होती, शेजारचे आबा बोलत बसले होते. तात्यांनी नुसतं बघितलं. खरं सांगायचं ठरलं होतं. मी खरंच सांगितलं, पण सांगण्यापेक्षा करून दाखवलं. गोठ्याच्या दारातून भाऊ कसा पळत आला ते दाखवलं, कीपर कसा बसला ते दाखवलं, मग एक शेणाची वाळलेली गोवरी पायापुढं ठेवून तिला कसा हळूच पाय लावला ते दाखवलं. मागून कीपर रांगत आला तोही मीच झालो. "आसं जपून मारलं, तात्या, जनू पावन्याच्या हातात पिशवी दिली आन म्हनला, बसून जावा, यष्टीत गर्दी आसंल." आबांना ठसका लागला. आईनं पदर तोंडाला लावला. आणि तात्या हसले. आमचे तात्या सहसा हसत नसत. मी त्यांना हसवलं याचा मला त्या घटकेला फार अभिमान वाटला.

हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मग सोमवारी जाऊ दे त्याला कळंबला."

भाऊ तासाभरानं आला. तात्यांनी त्याला सांगितलं. तो "बरं" म्हणाला. भाकरी खाताना त्यानं मला एवढंच विचारलं,

"दादा, तात्यास्नी काय सांगितलंस?"

"झालं तेच."

त्यानं मान हलवली. मी काही खोटं बोललो नव्हतो. सोमवारी तो पिशवी घेऊन गेला. मी त्याला फाट्यापर्यंत सोडायलाही गेलो नाही, दुकानात एका सायकलचं चाक काढून ठेवलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी मी पंप घेऊन मैदानावर गेलो. जायचं कारण एवढंच, की भावाच्या जागी हवालदार कुठलं नवीन रत्न उभं करतो ते बघावं आणि दोन शब्द बोलावेत. त्यानं मासे धरणाऱ्यांच्या वस्तीवरचा एक गडी पुढं आणला होता. तो भावाच्या निम्म्यानंही पळत नव्हता. पण गोलपाशी आला आणि त्यानं पाय असा हाणला की चेंडू सुतळीखालून सुसाट गेला आणि थेट पाण्यात. तो हसत पाण्यात शिरला, चार हात मारले, चेंडू घेऊन आला. ओला, निथळत, पुन्हा तसाच मारला. पुन्हा पाण्यात. पुन्हा गेला. अर्ध्या तासात तो चारदा पोहून आला आणि त्यानं सहा गोल केले.

"ह्यो तर मारतोय की," मी हवालदाराला म्हटलं.

"मारनारच. त्याला पान्याचं काय? तुझा भाऊ गोलकडं कवाच बघायचा न्हाय. पान्याकडं बघायचा." हवालदार शिट्टी पुसत होता. "परवा चड्डी परत द्यायला आला तवा बोलला. पवता येत न्हाय म्हनला त्याला. तुला ठाव न्हवतं व्हय?"

मला ठाऊक होतं. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. भाऊ लहानपणी सात-आठ वर्षं कऱ्हाटीला आत्याकडं शाळेला होता. तिकडच्या विहिरींत उन्हाळ्यात घागर बुडायची मारामार, पोहणार कशात? तो परत आला तोवर त्याच्या वयाची पोरं धरणात लांबवर जाऊन यायची आणि हा काठावर कपडे राखत बसायचा. मोठा झाल्यावर त्याला शिकायची लाज वाटली. आम्हीही कधी विषय काढला नाही. हे मला ठाऊक होतं, आणि नियम घालताना, हसताना, कॉमेंट्री करताना, गोठ्यात गोवरीला पाय लावताना ते माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

"मग आदी का न्हाय बोलला त्यो?" मी विचारलं.

"कुनाम्होरं बोलनार?" हवालदार म्हणाला. "तू बसल्याला असायचास की तितं."

मी पंप तिथंच टाकला आणि घरी गेलो. तात्या बैलाच्या खुरांना औषध लावत होते. मी सगळं सांगितलं. गोल कुठल्या बाजूला, मागं पाणी किती जवळ, नियम काय, आणि तो मी घातला होता हेही. भावाला कसं दोन महिने रोज आवरून मारायची सवय लागली, ती इंदापूरच्या भिंतीपुढंही सुटली नाही, हे सांगितलं. त्याला परत बोलवू, बारामतीला अजून वेळ आहे, असंही म्हटलं. तात्यांनी मान हलवली. मामाकडं पिल्लं उतरली होती, शब्द गेला होता, आता माणूस काढून आणणं शोभलं नसतं. ते बरोबर होतं. पावसाळाभर भाऊ कळंबलाच राहिला आणि पुढं कामाला असा जुंपला की चेंडूला त्याचा पाय पुन्हा लागला नाही.

तात्यांनी खुरावरची माशी हाकलली. मग त्यांनी विचारलं,

"तुला पवता येतंय न्हवं?"

"येतंय."

"चांगलं येतंय?"

"व्हय."

"मग त्यानं बिनघोर मारला आसता आन तू जाऊन आनला आसतास, तर काय बिगडलं आसतं?"

रागानं विचारलं नाही त्यांनी. त्यांना खरंच कळत नव्हतं. उन्हाळाभर माझ्याकडं प्रत्येक गोष्टीवर उत्तर होतं, आणि याचंही होतं, पण ते वडलांच्या तोंडावर देण्यासारखं नव्हतं. तो पळत यायचा, पाण्याकडं बघायचा आणि परत फिरायचा, तेव्हा मला मजा यायची.